किन्त्सुगीचा जोड का सुटतो? उरुशीने भांडं सांधण्याची पूर्ण पद्धत

फुटलेलं चिनीमातीचं भांडं उरुशीने, म्हणजे जपानी लाखेच्या झाडाच्या चिकाने सांधायचं आणि त्या सांध्यावर सोन्याची भुकटी बसवायची, ही झाली किन्त्सुगी. ती करून पाहणाऱ्यांचं काम बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. उरुशी उन्हात किंवा पंख्याखाली वाळवली जाते, आणि त्यामुळे ती वाळतच नाही. प्रत्येक थर जाड दिला जातो. आणि सोन्याची इतकी घाई होते की खालची भरणी कच्ची असतानाच ते चढवलं जातं.

सोनं हे शेवटच्या दिवसाचं काम आहे. त्याआधीचे दोन-अडीच महिने चीक, पीठ आणि माती यांच्यातच जातात. एवढा वेळ हाताशी नसेल तर काम सुरू करू नका, तुकडे कागदात गुंडाळून ठेवा. त्यांना घाई नसते.

इपॉक्सीत सोनेरी पावडर मिसळून तासाभरात होणारं काम वेगळं. शोकेसमधल्या भांड्याला ते चालेल. पण त्या इपॉक्सीवर खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी योग्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर त्यातून चहा पिऊ नका. पुढे सगळं लिहिलं आहे ते अस्सल उरुशीबद्दल.

## पहिलं भांडं कोणतं घ्यावं

काठाचा टवका उडालेला कप किंवा दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फुटलेली बशी घ्या. दहा तुकड्यांचा वाडगा पहिल्यांदा नको.

भांडं आतून-बाहेरून चकचकीत झिलईचं असावं. बिनझिलईचं किंवा सच्छिद्र मातीचं भांडं उरुशी शोषून घेतं आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना कायमचा तपकिरी डाग पडतो. तसंच भांडं सांधायचं असेल तर सांध्यालगतचा भाग आधी मास्किंग टेप किंवा मास्किंग फ्लुइड लावून झाकावा लागतो.

काच टाळा, तिच्यावर उरुशीची पकड नीट बसत नाही. आजीच्या एकुलत्या एका बरणीवर हात बसवायला जाऊ नका. तिच्यासाठी आधी दुसऱ्या भांड्यावर शिका.

## सामान

- कि-उरुशी, म्हणजे गाळलेला कच्चा चीक. ट्यूबमध्ये मिळतो. दोन-तीन भांड्यांना लहान ट्यूब पुरते.
- काळी उरुशी आणि बेंगारा मिसळलेली लाल उरुशी. बेंगारा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा लाल रंग.
- तोनोको, म्हणजे बारीक दगडी मातीची भुकटी. भरणीला लागते.
- मैदा. घरातलाच चालतो.
- अगदी बारीक चाळलेला लाकडाचा भुसा, मोठा टवका असेल तरच.
- टर्पेंटाइन आणि साधं खाद्यतेल.
- काचेचा किंवा टाइलचा गुळगुळीत तुकडा आणि लवचीक पाती, मिश्रण मळायला.
- ४००, ८०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर, बारीक डायमंड फाइल, मास्किंग टेप, टूथपिक, कटरची पाती.
- लांब केसांचा बारीक ब्रश. यात काटकसर नको, शेवटची रेघ याच्यावरच अवलंबून असते.
- सोन्याची भुकटी आणि रेशमाचा पिंजलेला कापूस, ज्याला मावाता म्हणतात.

सोन्याच्या भुकटीत दोन मुख्य प्रकार असतात. केशी-फुन ही वर्खापासून केलेली अतिशय बारीक भुकटी. मारु-फुनचे कण गोलसर आणि जाड असतात. ती जास्त टिकते आणि जास्त चकाकते, पण वरून पुन्हा उरुशी देऊन घासावी लागते. पहिल्या कामाला केशी-फुनच घ्या.

सावधान : बाजारात ‘गोल्ड पावडर’ म्हणून मिळणारी बरीचशी पितळेची असते. ती काळवंडते, हिरवी पडते आणि खाण्याच्या भांड्यावर चालत नाही. चांदी काळी पडते, पण तो रंग पुष्कळांना आवडतोही.

## आधी हात सांभाळा

उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा उतणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. ओली उरुशी कातडीला लागली की एक-दोन दिवसांनी लाली, खाज, फोड येऊ शकतात. लागल्या लागल्या काहीच जाणवत नाही आणि इथेच माणूस फसतो. आंब्याच्या चिकाने ओठ सुजतात किंवा काजूच्या टरफलाचं तेल सोसत नाही, अशांनी तर फार जपावं.

नायट्राइलचे हातमोजे घाला. साध्या रबरी, म्हणजे लेटेक्सच्या मोज्यातून हा चीक आत उतरू शकतो. बाह्या मनगटापर्यंत हव्यात. मोजा घातलेला हात तोंडाला, फोनला, दाराच्या कडीला लावायचा नाही. कातडीला लागलीच तर पाण्याने चोळू नका. आधी खाद्यतेल लावून कापडाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. अंगावर पुरळ पसरलं किंवा चेहरा सुजला तर डॉक्टरांकडे जा आणि कशाचा चीक लागला ते सांगा.

पूर्ण घट्ट झालेली उरुशी अंगाला बाधत नाही. म्हणून तर जपानात लाखेच्या वाडग्यातून रोज सूप पितात.

## मुरो : उरुशी वाळवायचा खोका

उरुशी रंगासारखी वाळत नाही. तिच्यातलं लॅकेज नावाचं एन्झाइम हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन यांच्या मदतीने तिला घट्ट करतं. म्हणून तिला ७० ते ८५ टक्के आर्द्रता आणि २० ते २८ अंश सेल्सिअसची ऊब लागते. कोरड्या हवेत ती महिनाभरही चिकट राहील.

यासाठी झाकणाचा खोका घ्या, पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा. तळाशी ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं ठेवा, त्यावर जाळी आणि जाळीवर भांडं. आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवाच. अंदाजाने हे काम होत नाही.

आपल्याकडे ऋतूप्रमाणे मुरो बदलावा लागतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की फडक्याची गरज नसते. उलट ओलावा जास्त झाला तर थर वरून झटकन आवळतो, सुरकुततो आणि आत कच्चा राहतो. तिथे खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात याच्या उलट. फडकं दिवसातून दोनदा ओलं करा आणि खोका घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. पुण्याच्या डिसेंबरात ओलाव्यापेक्षा उबेची अडचण येते, तेव्हा खोक्यात कोमट पाण्याची बाटली ठेवली की भागतं.

तपासणी : काम सुरू करण्याआधी टाइलच्या तुकड्यावर उरुशीचा पातळ थर ओढा आणि मुरोत ठेवा. एक-दोन दिवसांत घट्ट झालं तर मुरो ठीक आहे. नाही झालं तर आधी खोका दुरुस्त करा, भांड्याला हात लावू नका. जुन्या ट्यूबमधल्या उरुशीचा जोर गेला आहे की नाही, तेही यातूनच कळतं.

## टप्पा १ : तुकडे धुणं आणि जुळवून पाहणं

तुकडे साबणाने धुवा आणि दोन दिवस पूर्ण सुकू द्या. भेगेत मुरलेलं तेल किंवा चहाचा थर राहिला तर उरुशी धरत नाही. आधी कुणी फेविक्विक लावलं असेल तर एसीटोनने त्याचा कण न् कण काढा.

आता काहीही न लावता तुकडे जुळवून पाहा. पेन्सिलीने आकडे घाला आणि जोडण्याचा क्रम ठरवा. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा दोन तुकड्यांच्या मधे अडकतो, आत जातच नाही. हे उरुशी लावल्यावर कळलं तर सगळं उसवावं लागतं. क्रम कागदावर लिहून समोर ठेवा.

मग डायमंड फाइलने झिलईची धार अगदी हलकी मोडा. कोपऱ्याची चमक जाण्यापुरतीच. त्या बारीक खाचेत पुढे भरणी बसते.

## टप्पा २ : कडांना उरुशी पाजणं

कि-उरुशीत थोडं टर्पेंटाइन घालून ती फुटलेल्या कडांवर ब्रशने लावा. पाच-दहा मिनिटांनी जास्तीची कागदाने टिपून घ्या आणि तुकडे एक-दोन दिवस मुरोत ठेवा.

हा टप्पा गाळणारे खूप. मग मातीची कोरडी कड पुढच्या गोंदातली उरुशी पिऊन टाकते, मागे नुसतं पीठ राहतं आणि सहा महिन्यांनी गरम चहा ओतताच जोड सुटतो.

## टप्पा ३ : मुगी-उरुशीने जोडणं

मुगी-उरुशी म्हणजे मैदा आणि कि-उरुशी यांचा गोंद. मैद्यात थेंब-थेंब पाणी घालून टाइलवर पात्याने मळा. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ व्हायला हवा. गुठळी अजिबात नको. मग त्यात गोळ्याइतकीच कि-उरुशी थोडी थोडी घालत मिसळा.

घाई न करता मळत राहा. सुरुवातीला मिश्रण दुधाळ कॉफीच्या रंगाचं आणि तुटक असतं. हळूहळू ते गडद होतं आणि पातं उचललं की त्याबरोबर लांब तार निघते. तार निघाली म्हणजे गोंद तयार झाला. पातं उचलताच तुटत असेल तर अजून मळा. ओघळत असेल तर उरुशी जास्त झाली. ते फेकून नवं करा, वरून पीठ टाकून सावरायला जाऊ नका.

दोन्ही कडांवर टूथपिकने किंवा पात्याने पातळ थर लावा, खालची माती अंधुक दिसावी इतका. लगेच जोडू नका. पंधरा-वीस मिनिटं हवेत राहू द्या म्हणजे पकड येते. मग तुकडे दाबून बसवा. सांध्यातून गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की पुरेसा लागला म्हणायचं.

मास्किंग टेप सांध्याला आडवी, ताणून लावा. भांड्यावर सोनेरी नक्षी किंवा वरून काढलेले रंग असतील तर त्यावर टेप नको, काढताना नक्षी निघून येते. तिथे रबरबँडने बांधा.

तपासणी : डोळे मिटून नख सांध्यावरून आडवं फिरवा, आतून आणि बाहेरून. नख कुठेही अडता कामा नये. केसभर पायरी लागली तरी आत्ताच हलवून सरळ करा. उद्या ती हलणार नाही आणि सोन्याची रेघ ती पायरी लपवत नाही, उलट उठून दाखवते.

आता भांडं मुरोत किमान दोन आठवडे, शक्य असेल तर तीन. सांध्याच्या आतल्या उरुशीपर्यंत हवा आणि ओलावा सावकाश पोचतो, म्हणून वरून घट्ट वाटलं तरी आत कच्चं असतं. रोज काढून हलवून बघणाऱ्यांचा जोड कधीच नीट बसत नाही.

फक्त केसासारखी भेग असेल तर गोंद लागत नाही. भांडं कोमट करा, टर्पेंटाइनने पातळ केलेली कि-उरुशी भेगेवर सोडा, ती आत ओढली जाते. वरची पुसून घ्या आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा करा.

## टप्पा ४ : खड्डे भरणं

बाहेर आलेला वाळका गोंद कटरच्या पात्याने तासून काढा. आता उडालेले टवके आणि सांध्यावरच्या खाचा दिसतील.

दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल टवक्याला कोकुसो लागतो. मुगी-उरुशीतच बारीक भुसा आणि थोडा तोनोको मळायचा. गोळा हाताला जेमतेम चिकटेल असा घट्ट झाला की तो टवक्यात दाबून बसवायचा, काठापेक्षा किंचित खालीच ठेवायचा आणि आठवडाभर मुरोत. खोल खड्डा एकदम भरू नका, थरांनी भरा.

उरलेल्या बारीक खाचांना साबी-उरुशी. तोनोको पाण्यात मळून टूथपेस्टसारखा करायचा, मग त्यात त्याच्याहून थोडी कमी कि-उरुशी. क्रम हाच ठेवा, आधी पाणी आणि नंतर उरुशी. हे मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नसतं.

पात्याने सांध्यावर एक मिलिमीटरहून पातळ थर ओढा आणि एक-दोन दिवस मुरोत ठेवा. मग ४०० आणि ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. पुन्हा थर, पुन्हा घासणं. दोनदा, तीनदा, लागलं तर चारदा.

भरणी वाळल्यावर काय झालं आहे ते नीट पाहा, कारण चूक कुठे आहे हे इथे स्पष्ट दिसतं. वर सुरकुत्या पडल्या असतील तर उरुशी जास्त झाली किंवा थर जाड झाला. नखाने खडूसारखी भुकटी निघत असेल तर उरुशी कमी पडली. दोन्हीत उपाय एकच, तेवढा भाग खरवडून काढायचा. कच्च्या भरणीवर पुढचे थर चढवले तर सगळे एकत्र निघून येतात.

सावधान : घासताना कागद सांध्याबाहेर जाऊ देऊ नका. वॉटर पेपरने झिलईवर ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. कागदाचे नखाएवढे तुकडे कापा, दुमडून टोकाने घासा.

तपासणी : भांडं ओलं करून दिव्याखाली तिरपं धरा. सांध्यावरून उजेडाची रेघ न तुटता गेली पाहिजे. माझ्या मते पुढे जायचं की थांबायचं हे ठरवणारी सगळ्यात भरवशाची कसोटी हीच.

## टप्पा ५ : काळ्या उरुशीचे थर

बारीक ब्रशने फक्त भरणीवर काळी उरुशी लावा. थर इतका पातळ की खालचं थोडं दिसावं. जाड थर सुरकुततोच, त्यात अपवाद नाही. दोन-तीन दिवस मुरोत ठेवा, मग १५०० नंबरच्या कागदाने पाण्यात हलकं घासा. असे दोन थर पुरतात. जपानी कारागीर इथे खास कोळशाने घासतात, पण पहिल्या भांड्याला कागद चालतो.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवून देऊ नका. काम झालं की खाद्यतेलात घोळून, पात्याने हलकं दाबून, आतली उरुशी निघेपर्यंत धुवा. पुढच्या वेळी वापरण्याआधी ते तेल टर्पेंटाइनने पूर्ण काढा, कारण तेल राहिलं तर उरुशी वाळत नाही. थर न वाळण्याचं हे कारण मुरोइतकंच नेहमीचं आहे आणि लोकांच्या लक्षातच येत नाही.

## टप्पा ६ : सोनं

खिडक्या बंद, पंखा बंद. सोन्याखाली लाल उरुशी लावतात, कारण कुठे भुकटी विरळ बसली तरी खालचा लाल रंग सोन्याला ऊबदार छटा देतो.

काळ्या रेघेवर लाल उरुशीची रेघ ओढा, काळं झाकण्यापुरतीच रुंद आणि शक्य तितकी पातळ. काठ डगमगले तर लगेच टर्पेंटाइन लावलेल्या टूथपिकने सरळ करा. सोनं टाकल्यावर ही संधी मिळत नाही.

मग भांडं मुरोत ठेवा आणि थांबा. अर्ध्या तासापासून पाहायला लागा. वेळ हवेवर ठरते, घड्याळावर नाही. रेघेवर हळूच तोंडाची वाफ सोडा. उरुशी अजून ओली असेल तर काहीच उमटत नाही. तिच्यावर क्षणभर निळसर धुकं आलं आणि गेलं की वेळ झाली. फार लवकर टाकलेलं सोनं उरुशीत बुडतं आणि मंद, तपकिरी दिसतं. फार उशिरा टाकलेलं चिकटतच नाही.

खाली गुळगुळीत कागद पसरा. मावाताच्या लहान गोळ्यावर भुकटी घ्या आणि रेघेच्या बाजूने सुरुवात करून रेघेवर हलकेच सरकवत न्या. दाबू नका. गोळ्यावर भुकटी भरपूर हवी. कोरडा मावाता थेट ओल्या उरुशीला लागला तर रेशमाचे तंतू अडकतात. कागदावर सांडलेलं सोनं परत पुडीत भरा.

आता तीन दिवस ते आठवडाभर मुरोत. तोवर रेघेला बोट लावायचं नाही. नंतर मऊ ब्रशने मोकळी भुकटी झटका, आणि झिलईवर चिकटलेले कण ओल्या कापसाने टिपा. केशी-फुनला याहून जास्त घासणं नको.

## वापरायला काढताना

शेवटच्या थरानंतर भांडं महिनाभर तसंच राहू द्या. उरुशी त्या काळातही घट्ट होत असते आणि तिचा वासही जातो. वास राहिला असेल तर भांडं काही दिवस तांदळाच्या डब्यात ठेवायची रीत आहे.

मग चहा, आमटी, दही, काहीही चालतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, सोनं धातू आहे. डिशवॉशर, ओव्हन आणि गॅसची आच नको. रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नका. धुताना मऊ स्पंज वापरा, तारेची घासणी नाही. उन्हातल्या खिडकीत मांडू नका, अतिनील किरणांनी उरुशी हळूहळू खराब होते.

वर्ष-दोन वर्षांनी काठावरचं सोनं, जिथे ओठ लागतात तिथलं, झिजून खालचा लाल रंग दिसू लागेल. त्यासाठी सगळं काम पुन्हा करावं लागत नाही. १५०० नंबरच्या कागदाने तेवढा भाग हलका घासा आणि सहाव्या टप्प्यापासून सुरू करा. उरलेली उरुशी तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर ट्यूबचं तोंड तेलाने पुसा, झाकण घट्ट लावा, दोन पिशव्यांत बांधा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा : चीक आहे, हात लावू नये.